ढालसिमची धून ओसाकातून आली, आपली कुठून येणार?

बीजीएमआयची लॉबी उघडली की काय वाजतं? फ्री फायर सुरू होताना कानात काय पडतं? डोळे मिटा, आठवेल. मारिओची धून तर गेम आयुष्यात कधीही न खेळलेला माणूससुद्धा गुणगुणतो. आता दुसरा प्रश्न : यातली एक तरी धून कुणी बनवली, ते सांगता येईल? सिनेमाचं गाणं असतं तर संगीतकार, गायक, गीतकार, सगळ्यांची नावं आपण एका दमात सांगितली असती. गेमच्या बाबतीत मात्र गप्प.

आज त्यातल्या एका नावाची ओळख करून घेऊ. योको शिमोमुरा. ८ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये ‘बाफ्टा’ने त्यांना फेलोशिप दिली. बाफ्टा म्हणजे ब्रिटनमधली सिनेमा, टीव्ही आणि गेम्सची मोठी संस्था, आणि फेलोशिप हा तिचा सर्वोच्च सन्मान. आदल्याच वर्षी, २०२४ मध्ये, गेम बनवणाऱ्यांच्या जगातला जीवनगौरवही त्यांना मिळाला होता. ही बातमी सोलापूरच्या पेपरात कशाला, असं वाटत असेल तर थोडं थांबा. या बाईंची धून तुमच्या घरातल्या कुणी ना कुणी नक्की ऐकलेली आहे. आणि त्यांच्या करिअरमध्ये आपल्या गावातल्या, तबला-पेटी शिकणाऱ्या, कीबोर्ड वाजवणाऱ्या शेकडो पोरापोरींसाठी एक थेट प्रश्न दडलेला आहे.

एवढी फी भरली, ती गेमसाठी?

शिमोमुरा यांचा जन्म १९६७ चा, जपानच्या ह्योगो प्रांतातला. लहानपणापासून पियानो. पुढे ओसाकाच्या संगीत महाविद्यालयात रीतसर शिक्षण. घरच्यांच्या डोक्यात हिशेब सरळ होता : पोरगी पियानोची शिक्षिका होणार. त्यांचीही तयारी तशीच होती. पण १९८८ मध्ये पदवी हातात पडताना त्यांनी ‘कॅपकॉम’ या गेम कंपनीकडे अर्ज केला आणि नोकरी मिळाली.

घरात आनंद झाला असेल? अजिबात नाही. आई-वडील नाराज, शिकवणारे शिक्षकही नाराज. एवढं महागडं संगीत शिक्षण दिलं ते काय खेळातली पिपाणी वाजवायला, हा सूर. त्या काळी जपानमध्येही गेमच्या संगीताला फारशी किंमत नव्हती. कंपन्या तर संगीतकाराचं खरं नावही अनेकदा पडद्यावर येऊ देत नसत, दुसऱ्या कंपनीनं माणूस पळवू नये म्हणून. ‘स्ट्रीट फायटर २’ च्या श्रेयनामावलीत शिमोमुरा यांचं नाव नाहीच, तिथे आहे ‘शिमो-पी’ हे टोपणनाव.

आपल्याकडे विशारद झालेल्या मुलाला नातेवाईक विचारतात, ‘ते ठीक आहे, पण पुढं काय?’ पर्याय ठरलेले : शाळेत संगीत शिक्षक, घरी क्लास, ऑर्केस्ट्रा, नाहीतर लग्नसराईत बँजो पार्टी. १९८८ च्या ओसाकात आणि आजच्या सोलापुरात हा प्रश्न फारसा वेगळा नाही. वेगळं आहे ते उत्तर. शिमोमुरांना उत्तर देणारी कंपनी त्यांच्याच शहरात होती.

मोजक्याच आवाजांतली करामत

‘स्ट्रीट फायटर २’ आला १९९१ मध्ये. तुमच्या मामाला किंवा मोठ्या दादाला विचारा. नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये एक-एक रुपयाचं कॉईन टाकून पोरं ज्या मशीनभोवती गर्दी करायची, त्यात हा गेम असायचाच. त्यातल्या दोन-तीन तुकड्यांचा अपवाद सोडला तर सगळं संगीत शिमोमुरांचं.

तेव्हा त्यांच्या हाताशी काय होतं? मशीनमधल्या एका यामाहा चिपमधून एका वेळी आठ स्वर, आणि दुसऱ्या चिपमधून तालवाद्यं आणि आरडाओरड्यासाठी चार आवाज. बस्स. व्हायोलिन नाही, गायक नाही, वाद्यवृंद नाही. मारिओची गोष्ट त्याहून कठीण. १९८५ मध्ये कोजी कोंडो यांनी ती धून बनवली तेव्हा घरगुती मशीनच्या चिपमध्ये सुराला फक्त तीन मार्ग होते, त्याशिवाय एक खरखर काढणारा आणि एक छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा. आपल्याकडे ते मशीन मूळ कंपनीचं फारसं आलंच नाही, त्याच्या नकला आल्या, रंगीत कॅसेटसकट. तरी धून तीच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं देशाचा ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ही धून घेतली. त्या यादीत गेलेलं ते पहिलं गेम संगीत.

सामग्री इतकी तुटपुंजी, म्हणून चालीवर मेहनत. एकच तुकडा पोरगं तासभर ऐकणार, तर तो कंटाळवाणा होऊन चालणार नाही. ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये खेळाडूची ताकद संपत आली की तीच चाल जलद होते. हाताला घाम फुटतो तो अर्धा प्रतिस्पर्ध्यामुळे, अर्धा संगीतामुळे.

पुढे १९९३ मध्ये शिमोमुरा ‘स्क्वेअर’ कंपनीत गेल्या. ‘लाइव्ह अ लाइव्ह’, ‘सुपर मारिओ आरपीजी’, ‘पॅरासाइट ईव्ह’, ‘लेजंड ऑफ माना’, आणि २००२ मध्ये डिस्नेच्या पात्रांसोबतचा ‘किंगडम हार्ट्स’. त्यानंतर, २००३ मध्ये, नोकरी सोडून स्वतंत्र काम. ‘फायनल फँटसी १५’ हा गेम घोषणेपासून बाजारात यायला दहा वर्षं लागली, २०१६ उजाडलं. त्याचंही संगीत त्यांचं. जिथून करिअर सुरू झालं तिथे मोजून बारा आवाज होते. २०१६ मध्ये त्यांचं संगीत लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत अख्ख्या वाद्यवृंदानं वाजवलं.

जपाननं या माणसांना काय मान दिला, तेही बघा. २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू मैदानात आले ते गेमच्या संगीतावर. सुरुवात कोइची सुगियामा यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नं, पुढे नोबुओ उएमात्सुंचं ‘फायनल फँटसी’, शिमोमुरांचं ‘किंगडम हार्ट्स’. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन चालले तेही याच सोहळ्यात. ज्या कामासाठी घरचे नाराज झाले होते, ते देशानं जगासमोर अभिमानानं वाजवलं.

योगावाला आणि त्याचे हत्ती

आता आपल्याकडे येऊ. ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये एक भारतीय आहे. ढालसिम. लांब होणारे हातपाय, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग. पार्लरमधल्या पोरांसाठी तो ‘योगावाला’. त्याच्या मैदानात मागे हत्ती उभे. आणि वाजणारी धून? तीही शिमोमुरांनीच बनवलेली, ओसाकातल्या ऑफिसात.

यात त्यांना दोष द्यायचं कारण नाही. त्या गेममध्ये ब्राझील, रशिया, अमेरिका सगळेच देश असे दोन-चार ठळक रेषांत काढलेत. पण गोष्ट एवढीच की एका पूर्ण पिढीनं गेममध्ये ‘भारताचा आवाज’ म्हणून जे ऐकलं ते जपानी कानांनी कल्पिलेलं होतं. कारण दुसरं कुणी बनवतच नव्हतं. २०१७ मध्ये ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ आला. कथा थेट पश्चिम घाटातली, मंदिरं होयसळांची. संगीत ब्रिटिश संगीतकार हेन्री जॅकमन यांचं.

मग आपण स्वतः गेम केला तेव्हा काय झालं? पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाची छोटी कंपनी आहे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या तिघांनी उभी केलेली. २०१७ मध्ये त्यांनी ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ साठी लोकवर्गणी मागितली, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी रेटून धरलं आणि २०२० मध्ये गेम आणला. भावाला शोधत राक्षसांशी लढणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, राजस्थानी महालांसारखी स्थळं. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. लई भारी काम. आणि त्याचं संगीत? लिनोस झेलोस यांचं. ते ग्रीसचे.

संगीत सुंदर आहे, ऐका जरूर. संगीताला पासपोर्ट नसतो हेही मान्य. पुण्याच्या कंपनीनं ग्रीसचा माणूस घेतला म्हणून ओरड करायची नाहीच. प्रश्न आपल्याकडे बघून विचारायचा आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर, पुणे, या पट्ट्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वाण आहे का? घराघरात पेटी आहे. गल्लीगल्लीत ढोलपथक आहे. मग गेमसाठी संगीत करणारा माणूस शोधायला निघालं की आपल्यातली नावं पटापट का सापडत नाहीत?

पैसा येतोय, पण कशासाठी?

हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, कारण २०२५ या एका वर्षात तीन मोठ्या गोष्टी घडल्या.

पहिली, मे महिन्यात मुंबईत ‘वेव्हज’ परिषद झाली आणि जुलैमध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ ही राष्ट्रीय संस्था मुंबईत सुरू झाली. ॲनिमेशन, गेमिंग वगैरे शिकवण्यासाठी. दुसरी, ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्स आणि साध्या सामाजिक-शैक्षणिक गेमना प्रोत्साहन. तिसरी, सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं ‘एव्हीजीसी-एक्सआर’ धोरण मंजूर केलं, २०५० पर्यंतचं, ३,२६८ कोटींचं.

यातली दुसरी गोष्ट संगीतवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, असं मला वाटतं. का? पत्त्यांवर किंवा टीमवर पैसे लावायच्या ॲपला संगीत लागतं कितीसं? नाणी पडल्याचा आवाज, जिंकल्याची टिंगटिंग, संपलं. खेळणारा तिथे थांबतो तो पैशाच्या आशेनं. पण पैसे बंद झाले की खेळणाऱ्याला धरून ठेवायला काय उरतं? गोष्ट, चित्र, खेळण्यातली मजा आणि आवाज. ज्या प्रकारच्या गेमना कायदा वाट करून देतोय, नेमकं त्याच प्रकारच्या गेमना संगीतकार लागतो. अर्थात हे आपोआप होणार नाही. पैशांच्या गेममधली गुंतवणूक आटली म्हणून ती गोष्टीच्या गेमकडे वळेलच असं नाही. ‘राजी’ला लोकवर्गणी जमली नव्हती हे विसरू नका.

आता धोरणाचं नाव उलगडून बघा. ‘ए’ म्हणजे ॲनिमेशन. ‘व्ही’ म्हणजे व्हिज्युअल इफेक्ट्स. ‘जी’ गेमिंग, ‘सी’ कॉमिक्स, आणि ‘एक्सआर’ म्हणजे आभासी जगाचं तंत्र. एवढ्या अक्षरांत आवाजाचं एकही अक्षर नाही. नावात नाही म्हणजे कामात नसेलच असा अर्थ काढायचा नाही. पण सरकारी योजनेत ज्याचं नाव नसतं त्याला निधी मागताना दुप्पट बोलावं लागतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पार्क उभे राहतील, संगणक येतील, चित्रं काढणाऱ्यांसाठी जागा होतील. आवाजाचे स्टुडिओ, वादकांचं मानधन, लोकवाद्यांचं रेकॉर्डिंग, याची तरतूद कोण मागणार? मागायला कुणी गेलंच नाही, तर ती होणार कशी?

हलगीवाल्याला आधीच माहिती आहे

‘पण गेमचं संगीत काहीतरी वेगळं तंत्र असेल, आपल्याला कुठं जमायचं?’ वेगळं आहे हे खरं. सिनेमाचा प्रसंग दोन मिनिटं दहा सेकंदांचा असतो, संगीतही तेवढंच. गेममध्ये खेळणारा एका खोलीत दहा सेकंद थांबेल किंवा अर्धा तास. शत्रू समोर कधी येईल ते आधी ठरलेलं नसतं. म्हणून संगीत सुट्या थरांत बनवतात. शांत असताना एक थर, धोका जवळ आला की त्यावर तालाचा थर, लढाई जुंपली की सगळे थर एकदम. थर कधी चढवायचे, कधी उतरवायचे, हे संगीतकारच ठरवून देतो.

आता कुस्तीचं मैदान आठवा. पैलवान खडाखडी करत असतात तेव्हा हलगी संथ चाललेली असते. एकानं पट काढला की लय चढते. डाव रंगला की हलगी-घुमक्याचा कडकडाट, पब्लिक उभं. पाठ लागली की वेगळाच ठोका. हलगीवाल्याकडे कागद नसतो. तो कुस्तीकडे बघून वाजवतो. गेमच्या संगीताचं तत्त्व हेच आहे. गोंधळात संबळ, भजनात पखवाज, आपल्याकडचं निम्मं संगीत समोर काय घडतंय ते बघून बदलणारं आहे. तंत्र शिकावं लागेल, पण कान तयार आहे.

आणि स्थानिक आवाज जगात चालतो का? पोलंडचा ‘द विचर ३’ घ्या, २०१५ चा. त्याच्या संगीतात तिथल्या ‘पर्सिव्हल’ या लोकसंगीत गटाचा आवाज आहे. २०२४ मधला चीनचा ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ घ्या. त्यात एक मुंडकं नसलेला साधू तंतुवाद्य वाजवत कथा गातो, ती चीनच्या शान्बेई भागातली जुनी कथागायनाची पद्धत. आपल्या शाहिराचीच चुलत भावंडं म्हणा. जगभरच्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं, भाषा एक अक्षर कळत नसताना.

आपल्याच जिल्ह्यातला पुरावा हवा? ‘सैराट’. करमाळ्याची माती, जेऊरचे नागराज मंजुळे, आणि अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद थेट हॉलिवूडमध्ये जाऊन रेकॉर्ड केला. गावाकडचा ठेका आणि सिंफनी एकत्र नांदतात हे २०१६ मध्येच सिद्ध झालं.

सोलापूरकडे तर आवाजांची चंगळ आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका चौकात. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक. शाहीर राम जोशींचं हे गाव. आणि यंत्रमागाची खडखड. तो आवाज आपल्याला कटकट वाटतो, पण एखाद्या गेममधल्या कारखान्यासाठी तो नेमका ठेका आहे. माग बंद पडत चाललेत. रेकॉर्ड करायचं तर लवकर करा.

सही करण्याआधी वाचा

करिअर म्हटलं की पैसा आला, आणि पैसा म्हटलं की हक्क. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी ती राज्यसभेत लावून धरली होती. तिचं सार असं : सिनेमातल्या किंवा ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या रॉयल्टीचा वाटा गीतकार-संगीतकारानं कंपनीला लिहून दिला तरी तो हक्क जात नाही. पण कायद्याच्या त्या कलमांत नावं आहेत सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांची. व्हिडिओ गेमचं नाव नाही. मग गेमसाठी केलेल्या धूनचं काय, हा वकिलांच्या वादाचा विषय राहतो. नोकरीत असताना केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे मालकाचं ठरतं.

तेव्हा करारात तीन गोष्टी बघाच. श्रेयनामावलीत तुमचं नाव येणार का? धून गेमबाहेर, म्हणजे जाहिरातीत, अल्बममध्ये वापरली तर वेगळे पैसे मिळणार का? आणि तुम्ही ती मैफलीत वाजवू शकता का? जपाननं टोपणनावांपासून ऑलिम्पिकपर्यंत यायला तीस वर्षं घेतली. आपण सुरुवातच खऱ्या नावानं करायला काय हरकत आहे? नवं धोरण राबवताना सरकारनं गेमला अनुदान देताना ‘श्रेयनामावली पूर्ण हवी’ एवढी एक अट घातली तरी पुष्कळ होईल. त्याला एक रुपयाही लागत नाही.

सुरुवात करायची तर

* शिक्षण : संगीताची पदवी असलीच पाहिजे असं नाही. उएमात्सु स्वतःच शिकले, ‘स्क्वेअर’मध्ये जाण्याआधी ते संगीताच्या दुकानात काम करत होते. पण कान आणि रियाज याला पर्याय नाही.
* साधनं : घरचा साधा कॉम्प्युटर, हेडफोन आणि रेकॉर्डिंगचं एखादं स्वस्त सॉफ्टवेअर. संगीत गेमला जोडण्यासाठी ‘एफमॉड’ आणि ‘वाइज’ ही साधनं जगभर वापरतात. शिकण्यासाठी दोन्ही मोफत मिळतात.
* पहिलं काम : ‘ग्लोबल गेम जॅम’ दरवर्षी जानेवारीत होतो. दोन-तीन दिवसांत अनोळखी लोक मिळून छोटा गेम बनवतात. तिथे कोड लिहिणारे भरपूर येतात, संगीतवाला सापडत नाही. तुम्ही जा.
* नमुना : तीन तुकडे तयार ठेवा. एक शांत, एक लढाईचा, एक जिंकल्याचा. प्रत्येक असा की शेवट पुन्हा सुरुवातीला बेमालूम जुळेल. कंपन्या हेच ऐकतात.
* सोबत : इंजिनिअरिंग कॉलेजात गेम बनवणारा एखादा मित्र असतोच. त्याचा गेम बहुतेक मुका असेल. तिथूनच सुरू करा.

यातलं काहीही करण्यासाठी पुण्याची गाडी पकडावी लागत नाही, हे सोलापूरकरांसाठी मुद्दाम सांगते. धून ई-मेलनं जाते. ग्रीसहून पुण्याला पोचली, तर सोलापूरहून पोचायला काय अडचण आहे?

आणि आई-बाबांनी ‘पुढं काय?’ असं विचारलंच, तर शिमोमुरांच्या घरी १९८८ मध्ये काय झालं आणि २०२५ मध्ये लंडनला काय झालं, एवढं सांगा. वाद लगेच मिटणार नाही. पण ‘पिपाणी’ हा शब्द बहुतेक मागे घेतला जाईल.